रासबेरीचा खोडवा

मंगलला किळस यायला फारसं कारण लागत नसे. लग्न होऊन ती आष्ट्याला आली, त्या दिवशी ती दारात उभी राहिल्यापासून तोंडाला पदर लावून होती. बघायला जमलेल्या बायकांना वाटलं, पोरगी लाजाळू आहे. लाजबीज काही नव्हती. वारा साखर कारखान्याच्या बाजूनं सुटला होता, त्याबरोबर मळीचा वास आला होता आणि नव्या नवरीला तो सोसवत नव्हता. तिनं दबक्या आवाजात विचारलं, हा कसला वास. बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. कसला वास ते त्यांना कळेना, कारण जन्मापासून तो त्यांच्या नाकात होता.

तेव्हापासून मंगलनं संसार नीट केला. पोरगी वाढवली, पोरगा वाढवला, सासूसासऱ्यांचं शेवटपर्यंत केलं, पण कपाळावरची आठी काही तिनं खाली ठेवली नाही. बशीत चहा ओतून फुर्रकन ओढणारी माणसं तिला सहन होत नसत. तिखटाच्या डब्यात ओला चमचा घालणाऱ्या सुनेला ती जेवण होईस्तोवर बोलत राही. कार्यालयातल्या लग्नात ती अक्षता टाकून परत येई, कारण जेवणाच्या टेबलाखाली सांडलेली आमटी आणि तीत भिजलेली पत्रावळ बघून तिच्या घशाखाली घास उतरत नसे. संक्रांतीला दुसऱ्याच्या घरचा तिळगूळ ती गोड बोलून घेई आणि कोपऱ्यावरच्या गाईला घाली. गल्लीतल्या बायका पाठीमागं तिला ‘शीवैनी’ म्हणत. हे तिला ठाऊक होतं. त्या बायकांची नखं बघितली असती, तर तुम्हीही त्यांचं बोलणं मनावर घेतलं नसतं, असं तिचं म्हणणं.

तिचंही काही अगदीच चुकत नव्हतं. ती डोंगरातली. पाचगणीच्या पुढं, दरीच्या तोंडावर एक वाडी आहे, तिथली. तिथं पाऊस कोसळतो, तो थांबत नाही. तांबड्या मातीवरून पाणी सरळ दरीत उतरतं, आणि पाऊस उघडला की तासाभरात अंगणातून कोरड्या पायानं चालता येतं. आष्ट्यात उलटा कारभार. इथं पाणी साचतं, माती पायाला धरते, आणि एकदा आलेला वास भिंतीत मुरतो. उसाच्या सरीत दिवसेंदिवस उभं राहिलेलं पाणी, त्यावर आलेला हिरवट तवंग आणि त्यात डुंबणारी मोकाट डुकरं बघितली, की तिला वाटे, ही माणसं साखर पिकवतात आणि चिखलात राहतात.

माहेरी तिच्या आईची, बयाबाईची, घरामागं रासबेरीची जाळी होती. कुणी मुद्दाम लावलेली बाग नव्हे. दरीकडच्या बांधावर उभा राहिलेला काट्यांचा पसारा होता तो. काठ्या माणसापेक्षा उंच, राख फासल्यासारख्या पांढऱ्या, आणि काटे असे आकड्याचे की लुगडं धरलं तर फाडूनच सोडत. फळ आधी लाल होई, मग जांभळं, मग काळं, आणि वरनं पांढरी लव. चैत्रात पहाटेचं धुकं विरायच्या आत बयाबाई जाळीशी जाई. सकाळी पहिलं फळ ती स्वतः खाई, डोळे मिटून, आणि मग पोरांना म्हणे, तोडा. चव बसली नसेल तर म्हणे, राहू दे अजून दोन दिवस, आणि मग कुणाची हिंमत नसे हात लावायची. टॅक्सीतून येणारे पाव्हणे पानाच्या द्रोणातून ती फळं घेत. मंगल जन्मात कशाला न हिणवता बोलली असेल, तर त्या रासबेरीला.

वडील गेले तेव्हा भाऊ, केरबा, हळूच म्हणाला, आक्का, ते हक्कसोडाचं तेवढं करून टाकू. त्यात लपवाछपवी काही नव्हती. आमच्याकडं बहिणी बापाच्या जमिनीवरचा हक्क सोडला म्हणून सही करतात. जी करत नाही तिचं माहेर तुटतं, तिच्या पोरांना मामा राहत नाही, आणि गाव म्हणतं बघा, भावाच्या ताटातलं ओढती. मंगलनं सही केली. साक्षीदार, शिक्के, सगळं झाल्यावर केरबानं कचेरीसमोरच्या हॉटेलात भजी खाऊ घातली, आणि ती तेल किती दिवसांचं असेल याचा विचार करत बसली. भावजयीनं साडी दिली ती गर्द पोपटी, अंगावर घातली तर माणूस कीडनाशकाची बाटली दिसावा अशी. मंगलनं तिची पायपुसणी केली. पण चैत्रात माहेरी जाणं चुकवलं नाही, आणि बयाबाई गेल्यावरही नाही.

आता या घरात रासबेरी शिरली कशी, तर सुनेमुळं. शिवांजली सांगलीची. हौशी पोरगी, मनानं वाईट नाही, पण सगळं तिला फोनवर दिसतं आणि फोनवर दिसतं ते तिला खरं वाटतं. सांगलीत शेतीचं प्रदर्शन भरलं होतं. तिथं ती आणि मंगलचा पोरगा शिवतेज दोघं गेली, आणि येताना परसबागेसाठी रासबेरीची रोपं घेऊन आली. एक लाल जातीची, एक पिवळ्या, एक बिनकाट्याची, आणि निळ्या रासबेरीचं बी, पाकिटात. पाकिटावरचं फळ पेरूएवढं होतं आणि रंग कपड्याला घालायच्या निळीचा. विकणाऱ्यानं सांगितलं होतं म्हणे, कुठल्याही मातीत येतं, कुठल्याही हवेत येतं, नुसतं पाणी भरपूर द्यायचं.

मंगलनं ते पाकीट दोन बोटांनी धरलं. रासबेरी निळी नसते, असं तिनं सांगितलं. शिवांजली म्हणाली, आई, नवीन व्हरायटी आहे. मंगल म्हणाली की मग उद्या निळं दूध देणारी म्हैसही आणा. लाल जातीचं रोप तिनं पिशवीतून उपसून बघितलं, तर मुळांना शेवाळाचा बुळबुळीत थर आणि आंबूस वास. तिला शिसारी आली. हात साबणानं धुतला तरी तो वास जेवणापर्यंत बोटांना होता. नावडतीचं मीठ अळणी, असं शिवतेज हसत म्हणाला. पण मीठ खरोखरच अळणी असलं तर बिचाऱ्या नावडतीनं काय करावं, याचा कुणी विचार करत नाही.

त्याच वर्षी दिवाळीनंतर केरबाचा फोन आला. खुशाली विचारली, पोरांची चौकशी केली, आणि मग जाता जाता सांगितल्यासारखं सांगितलं की घरामागची पट्टी एका हॉटेलवाल्याला दिली. दरी दिसते ना तिथून, त्याला तीच पाहिजे होती. लवकरच जेसीबी येणार, जाळी काढून सपाट करणार. आक्काच्या कानावर घातलेलं बरं.

मंगल दुसऱ्या दिवशी एसटीनं गेली. पट्टीवर चुन्याच्या रेघा मारून झाल्या होत्या. बयाबाई जिथं पहाटे उभी राहायची तिथं कामगारांनी रिकाम्या बाटल्या टाकल्या होत्या, आणि जाळीच्या पहिल्याच काठीला कुणाची तरी बनियन वाळत घातली होती. मंगलला इतकी घाण वाटली की तिला रडू यायला हवं होतं ते आलंच नाही. केरबा मागं येऊन उभा राहिला. नवीन बूट होते पायात, आणि चिखल लागू नये म्हणून तो दगडावरून दगडावर उड्या मारत आला होता.

“आक्का, तुला काय पायजेल ती घिऊन जा,” तो म्हणाला. “ह्यातनं तुला मी न्हाई म्हननार हाय व्हय?”

सगळं विकून झाल्यावर माणसाला दातृत्व येतं, ते असं. मंगलनं त्याच्याकडं वळूनसुद्धा बघितलं नाही. काळ्या रासबेरीच्या काठीचं टोक वाकून जमिनीला टेकलं की तिथं मुळं धरतं, नवं रोप होतं. असं एकेक टोक हुडकून तिनं मातीसकट काढलं, ओल्या गोणपाटात बांधलं. काट्यांनी दोन्ही हात सोलून निघाले. परत येताना एसटीत शेजारी बसलेल्या बाईला पसरणीच्या घाटात उलटी झाली, ती मंगलच्या पदरावर. एरवी मंगल वाईत उतरून आंघोळ केल्याशिवाय पुढं आली नसती. त्या दिवशी तिनं गोणपाट तेवढं उचलून मांडीवर घेतलं आणि तशीच बसून राहिली.

कारण आता हिशोब साधा होता. हॉटेल उभं राहिलं की आईची रासबेरी जगात उरणार ती या गोणपाटात. ही आष्ट्यात जगली, फळली, तर माहेर म्हणून काहीतरी शिल्लक आहे. नाही जगली, तर भजी खाऊन घरी आलो, एवढंच.

लावणीच्या वेळी परसात दोन पक्ष पडले. संडासाच्या टाकीकडचा सपाट वाफा सुनेच्या जातींना, आणि पूर्वेच्या भिंतीकडची जागा मंगलच्या काळीला. काळ्या चिकट मातीत तिनं रोप लावलं नाही. शिवतेजकडून मुरमाची ट्रॉली आणवली, पालापाचोळा आणि कुजलेलं शेणखत घालून गुडघाभर उंच वरंबा केला, म्हणजे पाणी थांबू नये. शेणखत तिनं हातात पिशव्या घालून, नाकाला फडकं बांधून कालवलं, आणि कालवताना तिच्या तोंडून जे जे निघालं ते ऐकून शेजारची म्हैससुद्धा वैरण खायची थांबली. पिशव्यांचा तंबू करून दुपारचं ऊन अडवलं. पाणी तांब्यानं, तेही बोट घालून माती कोरडी लागली तरच.

आप्पासो, म्हणजे मंगलचा नवरा, पायरीवर बसून हे बघत असे. आप्पासो हा उसाचा माणूस. जगातल्या कुठल्याही पिकाला भरपूर पाणी, युरिया आणि धीर लागतो, अशी त्याची श्रद्धा. माणूस भला. आवाज चढवून बोलला नाही कधी, बाईमाणसाच्या कामात ढवळाढवळ नाही, आणि लग्नाला इतकी वर्षं होऊन बायकोला नक्की काय आवडतं हे त्याला माहीत नव्हतं, कारण तिला काय आवडत नाही ते ऐकण्यातच सगळी वर्षं गेली होती. सुनेच्या वाफ्याला मात्र तो आपणहून मोटर चालू करून पाणी सोडी.

सुनेच्या जातींचं जे व्हायचं ते झालं. पिवळी होळीच्या आधीच गेली. लाल आणि बिनकाट्याची यांनी उन्हाळ्याच्या तोंडाशी माना टाकल्या, आणि शिवांजलीनं उपटून बघितलं तर मूळ म्हणून काही नव्हतंच, नुसता काळा लगदा, कुजक्या अंड्याच्या वासाचा. मंगलनं खिडकी लावून घेतली. निळीच्या बियांतून एक रोपटं वर आलं. सगळ्यांनी त्याला जपलं, आणि पान मोठं झाल्यावर ती काटेमाठाची भाजी निघाली. शिवांजलीचं तोंड एवढंसं झालं. मंगलनं निळीचं रिकामं पाकीट दोन बोटांनी उचललं आणि केरात टाकलं.

काळीनं मात्र जीव धरला. पावसात ती जी फोफावली, ती भिंतीच्या वर गेली. पांढरट काठ्या, आकड्याचे काटे, पानाची खालची बाजू चांदीसारखी. मंगल सकाळी चहाच्या आधी तिथं जाऊन उभी राही. काठ्यांना तिनं तारेचा आधार दिला, कीड दिसली की चिमट्यानं उचलून रॉकेलच्या डब्यात टाकली, तोंड फिरवून. त्या वर्षी फळ नाही याचं तिला काही वाटलं नाही, कारण या जातीची रीतच ती. यंदा काठी वाढते, पुढच्या चैत्रात त्याच काठीला फळ येतं, आणि फळ देऊन झालं की ती काठी मरते. बयाबाई म्हणायची, वाढायचं वरीस येगळं, द्यायचं वरीस येगळं. थंडी पडली, पानं गळाली, काठ्या नुसत्या पांढऱ्या फटक उभ्या राहिल्या. आता फक्त चैत्राची वाट बघायची होती.

संक्रांतीच्या सुमाराला मुलगी साक्षी कराडला बाळंत झाली आणि मंगल तिकडं गेली. बाळंतिणीचं करताना तिला किळस आली नाही असं नाही, पण लेकीची म्हणून ती गिळली. बारसं उरकून ती परत आली, पिशवी ओसरीवर टाकली, आणि पाय धुवायच्या निमित्तानं परसात गेली.

भिंत मोकळी होती. वरंब्यावर काठ्यांचे बुडखे तेवढे राहिले होते, मातीच्या बरोबरीनं, कोयत्याच्या एकेका घावात तिरके छाटलेले. उसाचा तोडकरी छाटतो तसे, नमुन्यादाखल दाखवावेत असे साफ. वरंबा फोडून सरी केली होती, तिच्यात पाणी तुंबलं होतं, आणि पाण्यात युरियाचे पांढरे दाणे विरघळत होते. वर माश्या बसल्या होत्या.

आप्पासो मागं येऊन उभा राहिला. त्याच्या चेहऱ्यावर, देवाच्यानं, आनंद होता.

“खोडवा धरलाय,” तो म्हणाला. “वाळून पार पांढऱ्या पडल्या हुत्या गं काठ्या. म्हनलं, तू येस्तवर बुडातनं छाटून, खत-पानी दिऊन ठिवावं. आता बघ कसा फुटवा येतोय. लागणीपरास खोडवा जोमात असतुया.”

उसाचं असंच आहे. ऊस तुटला की त्याच बुडख्यातून पुन्हा फुटतो, त्याला खोडवा म्हणतात, आणि जितकं जमिनीलगत छाटाल तितका तो चांगला फुटतो. आप्पासोच्या बापानं ते केलं, आजानं केलं. उभी वाळकी काठी दिसली की या भागातल्या माणसाचा हात कोयत्याकडं जातोच. आणि त्यातून ही छाटणी त्यानं गड्याकडून करून घेतली नव्हती. बायको येईपर्यंत तिचं काम करून ठेवावं म्हणून, उभ्या जन्मात पहिल्यांदा, तो स्वतः परसात कोयता घेऊन बसला होता. हाताला काट्यांचे ओरखडे होते. ते त्यानं तिला दिसतील असे धरले होते.

मंगलला त्या ओरखड्यांचीसुद्धा किळस आली.

“त्या वाळल्या न्हवत्या,” ती म्हणाली. “औंदाचं फळ त्याच काठीत हुतं. माझ्या आईचं हुतं ती.”

एवढं बोलून ती घरात गेली आणि मग कितीतरी महिने त्याच्याशी कामापुरतंच बोलली. त्या दिवसांत नवऱ्याचं काहीच तिला बघवत नसे. तो भाकरी कालवणात कुस्करून पाची बोटांनी गोळा करायचा ते बघवत नसे. जेवल्यावर काडीनं दात कोरून काडी कानाला लावायचा, ते तर नाहीच नाही. कुल्ला करून पाणी टाकायचा त्या आवाजानं ती उठून दुसऱ्या खोलीत जाई. हे सगळं तो लग्नापासून करत आला होता. पण आता तिला वाटायचं, या माणसानं आपलं जे काही होतं ते साफ छाटलं, आणि वर आपल्याकडून शाबासकी मागितली. आणि भाऊ काय वेगळा होता? त्यानंही सपाट केलं आणि म्हणाला, पाहिजे ते घेऊन जा. तिला दोघांचीही शिसारी आली, आणि मग अशा माणसांच्या मधोमध राहून नुसती नाकं मुरडणाऱ्या स्वतःचीही आली. नाक मुरडायच्या ऐवजी कचेरीत सहीच्या वेळी एकदा तोंड उघडलं असतं तर जाळी उभी असती, हे तिला स्पष्ट कळत होतं.

आप्पासोला चूक कळायला वेळ लागला, पण कळल्यावर ती त्यानं मनाला लावून घेतली. त्यानं सरी बुजवली, वरंबा पुन्हा बांधला, आणि मोटरच्या खोलीची किल्ली मंगलच्या फडताळात नेऊन ठेवली. साचलेल्या पाण्यानं बरेच बुडखे कुजले. ते बुळबुळीत झालेले तुकडे मंगलनं तोंड फिरवून, एकेक करून उपटले. भिंतीच्या कोपऱ्यातला एक तेवढा फुटला. पावसात त्याच्या काठ्या वर आल्या, पांढऱ्या, आकड्याच्या काट्यांच्या. पुन्हा वाढायचं वर्ष.

त्या हिवाळ्यात पानं गळाली तेव्हा आप्पासोनं पायरीवरची जागा सोडली आणि खुर्ची नेऊन भिंतीशी टाकली. ऊसतोडीची टोळी आली, की तो आधी त्यांना परसात नेऊन त्या काठ्या दाखवी आणि सांगे, ह्याला हात लावशीला तर बघा. टोळीवाले हसत. वाळक्या काठ्यांची राखण करणारा बागायतदार त्यांनी बघितला नव्हता. शेजाऱ्यापाजाऱ्यांत बोलणं झालं की शीवैनीनं नवऱ्याला पण येडं केलं. मंगलच्या कानावर ते आलं. नवऱ्याबद्दल बाहेरच्यांनी बोलावं हे तिला आवडलं नाही.

चैत्रात फळ आलं. आधी हिरव्या गाठी, मग लाल, मग जांभळं, मग एके सकाळी वरच्या काठीवर पाच-सहा फळं अगदी काळी, लव आलेली. मंगलनं आंघोळ केली, धुतलेलं लुगडं नेसली आणि जाळीपाशी गेली. आईसारखंच पहिलं फळ तिनं तोडलं, देठ मागं ठेवून ते अलगद सुटून आलं, आणि तिनं ते डोळे मिटून तोंडात टाकलं.

ते बेचव होतं. आंबट नव्हतं, गोड नव्हतं, कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसासारखं जिभेवर पसरलं, आणि मग बिया दातात राहिल्या. तिला वाटलं, हे एक खराब असेल. दुसरं खाल्लं. तेही तसंच, वरनं मातीचा एक जुनाट वास. तिनं ते भिंतीशी थुंकलं, पदरानं जीभ पुसली.

मग ती तिथंच वरंब्यावर टेकली. जात तीच होती, काटा तोच, रंग तोच, हातानं आणून हातानं लावलेलं होतं. पण चव काठीत नव्हतीच. ती पहाटेच्या धुक्यात होती, तांबड्या मातीत होती, पाणी थांबू न देणाऱ्या त्या उतारावर होती, आणि तो उतार तिनं सही करून देऊन टाकला होता. गोणपाटात बांधून आणता येईल ते तिनं आणलं होतं. जे आणता येत नव्हतं तेच माहेर होतं. आष्ट्याच्या उन्हाला चैत्रातच चटका आला होता आणि कारखान्याकडून वारा सुटला होता. तिनं पहिल्या दिवसासारखाच पदर तोंडाला लावला.

आप्पासो फडातून आला तो सरळ परसात. पायाला चिखल होता, कानाला काडी. काळी झालेली फळं त्याला लांबूनच दिसली आणि तो जागीच थांबला. जवळ येऊन तोडायचं त्याला धाडस होईना. या फळासाठी बायको वर्षभर आपल्याशी धड बोलली नाही, आणि आपण ते कधी खाल्लंही नाही, एवढं त्याला कळत होतं. चैत्रात उसाच्या पाण्याच्या पाळ्या असत, म्हणून या दिवसांत तो सासुरवाडीला कधी गेलाच नव्हता.

मंगलनं दोन फळं तोडून त्याच्या हातावर ठेवली. त्यानं हात आधी धोतराला पुसला. फळं तोंडात टाकली, सावकाश चावली, आणि त्याचा चेहरा हळूहळू उजळत गेला, जसा नातवाला पहिल्यांदा मांडीवर घेताना उजळला होता.

“लय झ्याक हाय गं,” तो म्हणाला. “आसंच लागतं व्हय, तुझ्या माहेरला?”

कुणाच्या पुरणात गूळ कमी असला तरी भर पंगतीत तोंडावर सांगणारी बाई ती. जाऊबाईच्या बासुंदीला दुधाचा वास येतो हे तिनं जाऊबाईच्या आईसमोर सांगितलं होतं. तिनं नवऱ्याच्या तोंडाकडं बघितलं. ओठाला काळा रस लागला होता आणि तो वाट बघत होता.

“व्हय,” मंगल म्हणाली. “आसंच.”

त्यानं मान हलवली, जसं काही फार दिवस अडलेलं काम मार्गी लागलं. मग भिंतीशी जाऊन, काटा चुकवत, उरलेल्यांतलं सगळ्यात काळं फळ त्यानं जपून तोडलं आणि तिच्या हातावर ठेवलं. त्याची बोटं मातीनं भरलेली होती. मंगलनं ते फळ न धुता, न पुसता तोंडात टाकलं, आणि तो बघतोय तोवर तोंड वाकडं न करता बियांसकट गिळून टाकलं.